परक्याचे हक्क, आपली ढाल

'कसाबला वकील कशाला?' २००९ साली हा प्रश्न महाराष्ट्रात चहाच्या टपरीपासून बाररूमपर्यंत विचारला जात होता. माणूस पाकिस्तानी, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात जिवंत पकडलेला, छत्रपती शिवाजी टर्मिनसवरचे बंदूक हातात घेतलेले त्याचे छायाचित्र सगळ्या जगाने पाहिलेले. मग खटल्याचा घोळ हवाच कशाला? तरीही आर्थर रोड तुरुंगात विशेष न्यायालय बसले आणि सरकारी खर्चाने वकील नेमले गेले. २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. त्यानंतर उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज असे सगळे टप्पे पार पडल्यावर २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फासावर चढवले. यात कुणी मेहरबानी केली नव्हती. जवळची वाट घटनेने ठेवलेलीच नाही.

भाषणाचे, देशभर फिरण्याचे, कुठेही राहण्याचे, हवा तो धंदा करण्याचे स्वातंत्र्य देणारे कलम १९ फक्त नागरिकांसाठी आहे. सरकारी नोकरीत समान संधी देणारे कलम १६ही तसेच. पण कायद्यापुढची समानता (कलम १४) आणि जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण (कलम २१) भारताच्या भूमीवर असलेल्या कोणत्याही माणसाला मिळते. अटकेचे कारण कळणे, वकील मिळणे, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाणे, या कलम २२ मधल्या हक्कांनाही नागरिकत्वाची अट नाही.

न्यायालयांनी हा फरक दोन्ही बाजूंनी काटेकोर पाळला आहे. हावड्याच्या रेल्वे यात्री निवासात बांगलादेशातून आलेल्या एका महिलेवर सामूहिक बलात्कार झाला. ती परदेशी आहे, म्हणून तिला भरपाई मागता येत नाही, असे रेल्वेचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ते फेटाळले आणि १० लाख रुपयांची भरपाई कायम केली. उलट १९९१ मध्ये लुई दे राएट या बेल्जियन मिशनऱ्याला न्यायालयाने इथे राहण्याचा हक्क नाकारला. ते तर १९३७ पासून भारतात होते. परक्याला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अतिशय व्यापक आहे, त्याबद्दल न्यायालयाच्या मनात कधी शंका नव्हती.

इथवर चित्र स्वच्छ आहे. गोची त्याच्या आधीच्या पायरीवर होते: समोरचा माणूस परका आहे, हे ठरवायचे कुणी आणि कसे?

खुनाच्या खटल्यात गुन्हा सरकारला सिद्ध करावा लागतो, आरोपीने गप्प बसले तरी चालते. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याने मात्र हे उलटे केले: 'मी परदेशी नाही' हे ज्याच्यावर संशय आहे त्यानेच सिद्ध करायचे. आणि कशाने? ठाण्यात पकडलेल्या एका संशयिताचा जामीन नाकारताना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असल्याने कुणी भारताचा नागरिक ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते चूक नाही. पण हा लेख वाचणाऱ्या किती जणांच्या कपाटात याहून भक्कम कागद आहे? आजीचा जन्मदाखला शोधून पाहावा.

म्हणून परक्याला मिळणारी सुनावणी ही त्याच्यापुरती गोष्ट राहत नाही. ती वगळली, तर चुकून पकडलेल्या नागरिकाला 'मी इथलाच' हे सांगायला जागाच उरत नाही. मीरा रोडला गवंडीकाम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका माणसाला जून २०२५ मध्ये बांगलादेशी समजून पकडले आणि सीमेपलीकडे धाडले. पश्चिम बंगाल सरकार मध्ये पडले, तेव्हा त्याला परत आणावे लागले. ज्याच्यामागे असे कुणी उभे राहणार नाही, त्याचे काय?

आसाममधल्या एका प्रकरणात हेच अधिक संथपणे घडले. नलबारीच्या लवादाने २०१२ मध्ये एकाला एकतर्फी परदेशी ठरवले. नावांच्या स्पेलिंगमध्ये आणि तारखांमध्ये किरकोळ फरक होते, ते त्याच्याविरुद्ध धरले गेले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला भारतीय ठरवले आणि यंत्रणेलाही बजावले: हाती काही ठोस आधार नसताना कुणाचाही दरवाजा ठोठावून नागरिकत्वाचा पुरावा मागता येणार नाही, संशय कशावरून, हे त्या माणसाला आधी कळले पाहिजे. नाहीतर तो उत्तर तरी कशाचे देणार?

१९४६ चा कायदा आता नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी स्थलांतर व परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला आहे. पुराव्याचा भार त्यातही संशयिताच्याच डोक्यावर आहे.