हिरवळ-कर्तक यंत्र

बागेतील किंवा मैदानावरील हिरवळ एकसारख्या उंचीवर कापण्यासाठी वापरण्यात येणारे यंत्र. व्यवहारात ते ‘लॉन मोअर’ याच नावाने ओळखले जाते. विळ्याने गवत कापता येते. परंतु पात्याची जमिनीपासूनची उंची कापणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहत असल्याने पृष्ठभाग सम होत नाही. यंत्रात ही उंची चाकांच्या वा रुळाच्या साहाय्याने निश्चित केलेली असते व हाच त्याचा मुख्य विशेष होय. यंत्राची निवड व निगा या बाबी स्थानिक हवा, जमीन व गवताची जात यांनुसार बदलतात. प्रस्तुत नोंदीत कोल्हापूर व तत्सम पश्चिम महाराष्ट्रातील शहरांतील घरगुती बागा प्रामुख्याने विचारात घेतल्या आहेत.

इतिहास : इंग्लंडमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग यांनी १८३० मध्ये या यंत्राचे एकस्व मिळविले. लोकरी कापडावरील लव छाटून ते गुळगुळीत करणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून त्यांना ही कल्पना सुचली. पुढे मोठ्या बागांसाठी घोड्याने ओढावयाची यंत्रे निघाली; टापांनी हिरवळ खराब होऊ नये म्हणून घोड्यांच्या पायांत चामडी जोडे घालीत. भारतातील मोठ्या उद्यानांत हेच काम बैलांकडून करून घेत. १८९३ मध्ये वाफेवर चालणारे व १९०२ मध्ये पेट्रोल इंजिनावर चालणारे यंत्र इंग्लंडमध्ये बाजारात आले. आडव्या फिरत्या पात्याची हलकी यंत्रे मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच सर्वत्र पसरली.

प्रकार व कार्यपद्धती : कापण्याच्या तत्त्वानुसार या यंत्रांचे दोन प्रकार पडतात. पहिला दंडगोल प्रकार. यात आडव्या आसाभोवती सर्पिल वळणाची पाच-सहा पाती बसविलेली असून ती खालच्या स्थिर पात्याला जवळजवळ स्पर्श करीत फिरतात व गवत दोहोंच्या मध्ये कात्रीप्रमाणे कापले जाते. फिरते पाते व स्थिर धार यांच्यामध्ये वैरण कापली जाण्याचे हेच तत्त्व कडबा कापण्याच्या यंत्रात असते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या कारखान्यातून निघालेल्या आरंभीच्या वस्तूंपैकी ते एक असल्याने या भागातील वाचकांस ते अपरिचित नाही. दंडगोल यंत्राचा काप स्वच्छ असतो, गवताची टोके फाटत नाहीत. लागोपाठच्या दोन कापांतील अंतर साधारणपणे कापणीच्या उंचीइतके असावे, असा संकेत आहे. उदा., २५ सेंमी. व्यासाचे चाक एका फेऱ्यात सु. ७८ सेंमी. अंतर तोडते, तेवढ्यात पाच पात्यांचा दंडगोल पाच वेळा फिरल्यास २५ काप होतात, म्हणजे दोन कापांत सु. ३ सेंमी. अंतर राहते. असे यंत्र ३ सेंमी. उंचीच्या हिरवळीस योग्य ठरते. त्यानेच १ सेंमी. उंचीवर कापू गेल्यास हिरवळीवर लाटा उमटतात व दोष विनाकारण धारेला दिला जातो.

दुसरा चक्री प्रकार. यात उभ्या आसावर बसविलेले एकच आडवे पाते अतिशय वेगाने फिरते व केवळ आघाताने गवत तोडते. स्थिर पात्याची गरज नसते. ४६ सेंमी. लांबीचे पाते मिनिटास ३,००० फेरे करीत असता त्याच्या टोकाचा वेग ताशी सु. २६० किमी. होतो. यंत्राचे सामर्थ्य आणि त्याचा धोका ही दोन्ही या आकड्यात आहेत. उंच, ओले व राठ गवत हे यंत्र कापू शकते. पण धार बोथट असल्यास टोके चिंधाळतात व दोन दिवसांत सर्व हिरवळ पिवळट दिसू लागते.

नायलॉनच्या दोरीने गवत झोडपणारी खांद्यावरची यंत्रे हल्ली सर्रास वापरली जातात. कुंपणाच्या कडा व उतार यांसाठी ती उपयुक्त आहेत. परंतु त्यांत उंचीचे नियंत्रण नसल्याने कर्तक यंत्राऐवजी वापरल्यास हिरवळ जागोजागी बोडकी होते. स्वतःहून फिरणारी स्वयंचलित यंत्रेही निघाली असली, तरी लहान व झाडांनी अडलेल्या अंगणात त्यांचा खर्च क्वचितच भरून निघतो.

निवड : कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत मोसमी पाऊस पडतो. या काळात हरळीची वाढ इतकी झपाट्याने होते की, आठवड्यातून एकदा कापणी करावीच लागते. हिवाळ्यात वाढ मंदावते व उन्हाळ्यात ती पाण्यावर अवलंबून राहते. एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. अन्यथा गवताची मुळे दुबळी होतात. अडचण अशी की, सलग दोन आठवडे झड लागल्यास कापणी करता येत नाही आणि उघडीप मिळेपर्यंत गवत घोट्यापर्यंत येते. असे गवत दंडगोल यंत्रापुढे आडवे पडते व कापलेच जात नाही. म्हणून हाताने ढकलण्याचे दंडगोल यंत्र घेणाऱ्याने विळा टाकून देऊ नये. प्रथम विळ्याने वरचा भाग उतरवावा व काही दिवसांनी यंत्र फिरवावे.

एक गुंठा म्हणजे सु. १०१ चौ. मी. क्षेत्र. ४० सेंमी. रुंदीच्या यंत्राने, पट्टे थोडे एकमेकांवर घेऊन, एक गुंठा कापण्यास सु. ३०० मी. चालावे लागते, वळणे धरून हे काम दहा-बारा मिनिटांचे आहे. ताराबाई पार्क वा नागाळा पार्क यांसारख्या वस्तीतील बंगल्यांपुढच्या एक-दोन गुंठे हिरवळीस हातयंत्र पुरेसे आहे. इंजिनाचे यंत्र अशा ठिकाणी बहुधा हौसेपोटी घेतले जाते आणि वर्षातील बराच काळ ते पायरीखाली पडून असते. दोन ते आठ गुंठ्यांसाठी विजेवर वा विद्युत् घटमालेवर चालणारे चक्री यंत्र सोयीचे. त्यापुढे व फुटबॉलसारख्या खेळांच्या मैदानांवर इंजिनाची यंत्रे लागतात. काळ्या जमिनीत जड यंत्र घेण्यापूर्वी विशेष विचार करावा. ओली असताना ती चाकाखाली दबते, चाकोऱ्या पडतात व त्या वाळल्यावर घट्ट होऊन पुढे वर्षभर यंत्रास हिसके देतात. चालताना पावलाचा ठसा उमटत असेल, तर कापणी पुढे ढकलावी.

हरळीची हिरवळ साधारण २·५ ते ४ सेंमी. उंचीवर राखतात, उन्हाळ्यात ती थोडी अधिक ठेवल्यास जमिनीतील ओल टिकते. सावलीतील रुंद पानांचे गवत याहून उंच ठेवावे लागते.

निगा : दंडगोल यंत्रात फिरती व स्थिर पाती यांमधील फट हा सर्वांत नाजूक भाग होय. कागदाचा कपटा मध्ये धरून दंडगोल हाताने सावकाश फिरवावा. तो पात्याच्या संपूर्ण लांबीवर स्वच्छ कापला गेला पाहिजे. एका बाजूस कापला व दुसऱ्या बाजूस दुमडला, तर त्या बाजूचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून जुळणी करावी. पाती एकमेकांवर घट्ट आवळल्यास यंत्र जड चालते व धार लवकर जाते. किंचित बोथटपणा कार्बोरंडमचा लेप लावून दंडगोल उलटा फिरविल्यास जातो.

चक्री यंत्राचे पाते काढून सु. ३०° कोनात कानशीने धार लावावी. शाणेवर धरल्यास ते तापून निळे पडू देऊ नये, कारण पोलादाचे पाणी उतरते व धार टिकत नाही. मधल्या छिद्रातून खिळा घालून पाते तोलून पाहावे. एक बाजू खाली गेल्यास तिच्या टोकाकडील थोडे धातू काढावे. तोल नसलेले पाते कंप निर्माण करून धारवे व दंड यांची हानी करते. यंत्राची बिडाची चौकट तडकल्यास ती टाकून देण्याचे कारण नाही. ओतकामाची मोठी परंपरा असलेल्या कोल्हापुरात असे भाग जोडून वा नव्याने ओतून घेता येतात.

पात्याला हात लावण्यापूर्वी विजेच्या यंत्राची जोडणी काढावी, घटमाला वेगळी करावी व इंजिनाच्या ठिणगी-प्लगची तार सोडवून ठेवावी. कापणीपूर्वी हिरवळीवरील खडे, खिळे व तारांचे तुकडे वेचावेत. चक्री पात्याने उडविलेला खडा डोळा निकामी करू शकतो. यंत्र चालविताना पायांत चपला नसाव्यात, बंद बूट असावेत आणि मुले दूर ठेवावीत. विजेचे यंत्र ओल्या गवतावर चालवू नये. त्याच्या जोडणीत ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-खंडक असणे आवश्यक आहे. दोरी खांद्यावरून मागे सोडावी, म्हणजे ती पात्याखाली येत नाही.

कापलेले गवत म्हशींस घालण्याची प्रथा विळ्याच्या काळापासून आहे. यंत्राने बारीक झालेले ओले गवत मात्र ढिगात लवकर तापून आंबते, शिवाय त्यात तेल वा कीटकनाशक मिसळलेले असू शकते. ते वैरण म्हणून देऊ नये. कोरड्या दिवसांत ते हिरवळीवरच पसरू दिल्यास त्यातील नायट्रोजन जमिनीस परत मिळतो. पावसाळ्यात त्याचे गोळे होऊन खालचे गवत कुजते, म्हणून ते गोळा करून खतखड्ड्यात टाकावे.

चार-धावी इंजिनातील वंगणतेल पहिल्यांदा सु. पाच तासांनंतर व पुढे निर्मात्याने सांगितलेल्या अंतराने बदलावे. हवागाळणी प्रत्येक हंगामात स्वच्छ करावी. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत एथेनॉल असते. उसाच्या या जिल्ह्यात त्याविषयी कोणी तक्रार करणार नाही. परंतु एथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेते व टाकीत दीर्घकाळ राहिलेल्या इंधनामुळे कार्ब्युरेटर गंजतो वा चिकटतो. यंत्र महिन्याहून अधिक काळ बंद राहणार असल्यास टाकी रिकामी करून, उरलेले इंधन संपेपर्यंत इंजिन चालवावे. लिथियम घटमाला पूर्ण भारित वा पूर्ण रिकामी न ठेवता अर्धवट भारित करून थंड जागी ठेवावी. पात्यांवर व उघड्या लोखंडी भागांवर तेलाचा हात फिरवून यंत्र जमिनीपासून उंच फळीवर ठेवणे इष्ट असते, कारण पावसाळी दमट हवेत एका रात्रीतही धारेवर गंज चढतो.