राखणे आणि दाखविणे

जुनी चित्रे, नाणी, शस्त्रे, वस्त्रे आणि भांडी जेथे जतन करून ठेवतात, त्या वास्तूस वस्तुसंग्रहालय म्हणतात. तेथे येणाऱ्यास कपाटांतील वस्तू दिसतात. त्यांच्यासाठी झटणारी माणसे सहसा दिसत नाहीत. या माणसांना दोन कर्तव्ये पार पाडावी लागतात : वस्तू राखणे आणि ती लोकांना दाखविणे.

ही कर्तव्ये पुष्कळदा परस्परांच्या आड येतात. प्रखर उजेडात जुन्या चित्रांचे व वस्त्रांचे रंग फिके पडतात. दमट हवेत कागदाला बुरशी लागते. चित्र कायम अंधारात ठेवले तर टिकेल, पण ते पाहणार कोण? कायम उजेडात ठेवले, तर पुढील पिढ्यांच्या वाट्यास फिकट कागद येईल. यास्तव नाजूक चित्रे मंद प्रकाशात मांडतात आणि काही काळाने ती उतरवून त्यांच्या जागी दुसरी लावतात.

लोकांची सोय पाहणे हाही या कामाचा भाग आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील कलासंग्रहालय १९३५ मध्ये सुरू झाले. ग्रेस मॉर्ले या त्याच्या पहिल्या संचालिका होत. त्यांनी ते रात्री १० वाजेपर्यंत उघडे ठेवले. त्यामुळे दिवसभर कामात गुंतलेल्यांनाही तेथे येता येऊ लागले. याच मॉर्लेबाई १९६० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या पहिल्या संचालिका झाल्या. पुढे त्या भारतातच राहिल्या व १९८५ मध्ये दिल्लीस निवर्तल्या.

ज्यांना संग्रहालयापर्यंत येणे शक्य नसते, त्यांच्याकडे संग्रहालयानेच जावे, हा आणखी एक मार्ग. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरते संग्रहालय सुरू केले. त्याची बस प्रदर्शन घेऊन शाळांच्या दारी व गावोगावी जाऊ लागली.

हे काम करू इच्छिणाऱ्यास इतिहास व कला यांचा अभ्यास हवाच. शिवाय रसायनशास्त्राची ओळख, हिशेबाची शिस्त आणि सोप्या भाषेत माहिती लिहिण्याची हातोटीही हवी. त्याहूनही त्याने लोकांचे बोलणे ऐकण्याची सवय ठेवावी. पायली-अधोलीची जुनी मापे पाहून एखादी आजीबाई खळ्यावर धान्य कसे मोजीत, हे नातवास सांगू लागली, तर तिचे बोल आदराने टिपून घ्यावेत. माप कपाटात पुष्कळ वर्षे टिकेल. ते कसे वापरीत हे सांगणारी माणसे मात्र दिवसेंदिवस कमी होत जातात.