आधारची फाइल कुणाच्या भाषेत बोलते?

पुण्यातल्या दिघीत, डीआरडीओ या संरक्षण-संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत, सैन्याचे रणगाडे नाले ओलांडतील असे पूल तयार होतात. तिथल्या फाइली कुलूपबंद असणार, यात नवल ते काय! पण ओळख बघू, तुझ्या घरातली कुलूपबंद फाइल कोणती?

तुझं आधार!

शाळेच्या फॉर्मसाठी आई आधारची फाइल, म्हणजे ई-आधार, डाउनलोड करते. उघडायला जावं, तर फाइल म्हणते, ‘आधी पासवर्ड!’

तुला वाटेल, आत सगळं नीट लिहिलेलं आहे, फक्त वरून कडी घातलीय. छे! गंमत तर पुढेच आहे. फाइलला पासवर्ड लावताना आतला मजकूरच बदलून टाकतात!

मधल्या सुट्टीत तुम्ही ‘च’ची भाषा बोलता ना? ‘शाळा’ची होते ‘चाळाश’. ‘कुठे’चं ‘चुठेक’. न कळणारा बिचारा नुसता बघत राहतो! फाइलचंही तसंच. तुझं नाव, पत्ता, फोटो, सगळ्याचा पार काला! चोराने फाइल पळवली तरी त्याच्या हाती निव्वळ चिखल.

पण ‘च’च्या भाषेत एक घोळ आहे. युक्ती फुटली की संपलं! धाकट्या भावालाही सगळं कळतं.

संगणकाची युक्ती मात्र फुटलेलीच आहे! खरंच! फाइली अशा बदलण्याची जगभर चालणारी एक रीत म्हणजे एईएस. योआन डामेन आणि विन्सेंट रायमेन या बेल्जियमच्या दोघांनी ती शोधली. २००१ मध्ये अमेरिकेने ती अधिकृत ठरवली आणि सगळी रीत जाहीर छापून टाकली. कुणीही वाचावी! तरी फाइल सुरक्षित. कसं काय?

कारण गुपित रीतीत नाहीच, ते आहे किल्लीत. किल्ली बदलली की काला वेगळा. आणि शक्य किल्ल्या किती? एईएसच्या सर्वांत मोठ्या प्रकारात ही संख्या ७८ आकडी! लिहून बघ, वहीची ओळ पुरायची नाही.

ही किल्ली संगणक बनवतो पासवर्डवरून. मग ई-आधारचा पासवर्ड काय? नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. गौरी २०१५ साली जन्मली असेल, तर जी-ए-यू-आर-२०१५. अरेच्चा! गौरीचं नाव आणि इयत्ता तर अख्ख्या वर्गाला ठाऊक. दोन-तीन सालं घालून बघितली की झालं! कुलूप दणकट, पण किल्ली दारातच टांगलेली. मला तरी हे फारसं पसंत नाही.

म्हणून स्वतःची फाइल पाठवताना पासवर्ड लांबलचक घ्यायचा, नाव-जन्मसाल नसलेला. छोट्या इंग्रजी अक्षरांचा पासवर्ड एका अक्षराने वाढवला की चोराचं काम २६ पट वाढतं! फाइल ईमेलने पाठवली, तर पासवर्ड फोनवर सांगायचा. दोन्ही एकाच निरोपात कधीच नाहीत! आणि तो विसरायचाही नाही हं. नाहीतर आपलीच फाइल आपल्यालाच चिखल!

आणखी एक. आधारची अशीही प्रत मिळते, जिच्यात १२ पैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. जिथे ती चालते, तिथे आईला तीच द्यायला सांग. आणि झेरॉक्सच्या दुकानात फाइल छापून झाली की तिथल्या संगणकातून ती पुसून टाकल्याशिवाय निघू नका!