दोन वाक्यांच्या मधला अर्थ

डोणगाव हे बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातलं, मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. भोवती सोयाबीनची शेती. समजा, सकाळी माल घेऊन मेहकरच्या बाजार समितीत गेलेला शेतकरी दुपारच्या आतच परतला आणि पारावर कोणी विचारलं, "काहून बापू, लवकर आले?" बापू म्हणाले, "पाणी आलं ना भाऊ." पुढं कोणी काही विचारत नाही. बोलणं पुरं झालं.

प्रश्न परतण्याचा होता, उत्तर पावसाचं आलं. मधलं सगळं न बोलताच राहिलं: माल उघड्यावर पडला होता, भिजलेल्या सोयाबीनचा भाव उतरतो, पाऊस सुरू झाला की हर्राशी, म्हणजे लिलाव, थांबते, थांबलेली हर्राशी त्या दिवशी पुन्हा होईलच असं नाही, म्हणून बापूंनी माल झाकून गाडी परत फिरवली. एवढी साखळी ऐकणाऱ्यानं क्षणात जोडली आणि आपण काही जोडलं हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. हेच दोन उद्गार व्याकरण नि शब्दकोश पाठ असलेल्या परक्या माणसाला दिले, तर शब्द सगळे कळतील आणि उत्तर मात्र असंबद्ध वाटेल.

सलग बोलण्यातला अर्थ वाक्यांत जेवढा असतो, तेवढाच वाक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत असतो. ही जागा माणूस कशी भरतो आणि यंत्राला ती भरता येते का, हा भाषाशास्त्रातला आणि संगणकशास्त्रातला मोठा नवलाचा प्रश्न आहे.

माणसाच्या बाजूचा एक गाजलेला प्रयोग 1972 सालचा. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक उतारा ऐकवला. वस्तूंचे ढीग करा, एका वेळी फार घेऊ नका, चूक महागात पडू शकते, काम झालं की पुन्हा ढीग करून जागेवर ठेवा, अशा धर्तीची त्यातली वाक्यं. प्रत्येक वाक्य सोपं, पण सगळं मिळून काहीच हाती लागत नाही. काही जणांना मात्र उतारा ऐकण्याआधी विषय सांगितला होता: कपडे धुणं. त्यांना उतारा लख्ख कळला आणि नंतर आठवलाही इतरांच्या सुमारे दुप्पट. ऐकून झाल्यावर विषय सांगितला, तर त्याचा काही उपयोग झाला नाही. संदर्भ आधी लागतो. मागून आलेला संदर्भ विस्कटलेली वाक्यं पुन्हा गोळा करू शकत नाही.

हे महानुभाव पंथीयांना सातशे वर्षांपूर्वी उमगलं होतं, आणि ती हकीकत याच मुलखाशी जोडलेली आहे. पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र. त्यात मेहकरच्याही लीळा आहेत आणि शेजारच्या लोणारच्याही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी स्वामींना पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांना गाठून आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. लीळा वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. नुसतं वचन तिथं येत नाही. गाव कोणतं, समोर कोण होतं, काय घडलं, कोणी काय विचारलं, आणि मग स्वामी काय म्हणाले, असा क्रम असतो.

पुढं केसोबासांनी या लीळांमधून स्वामींची वचनं निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. पाठांतराला तो उत्तम, कारण सूत्र दोन-चार शब्दांचं. पण प्रसंगातून उचललेलं वचन पारावरच्या "पाणी आलं" सारखं होतं. शब्द कळतात, कशाबद्दल ते कळत नाही. महानुभाव पंडितांनी यावर काढलेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी 'प्रकरणवश' नावाचा ग्रंथ रचला. त्याचं काम एवढंच की कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून, कशावरून निघालं ते सांगायचं. वाक्य आणि त्याचा प्रसंग एकदा वेगळे झाले की ते मुद्दाम पुन्हा जोडावे लागतात, हे ओळखून त्यासाठी स्वतंत्र ग्रंथ करणारी ही परंपरा मराठी गद्याच्या अगदी आरंभीची आहे. संगणकवाले आज ज्याला संदर्भ पुरवणं म्हणतात, ते याहून फार वेगळं नाही.

संस्कृत शास्त्रकारांनीही वाक्यार्थाला आकांक्षा, योग्यता, संनिधी आणि तात्पर्य लागतं असं सांगितलं होतं. 'सैंधव आण' असं म्हटलं तर जेवताना मीठ आणायचं आणि बाहेर निघताना घोडा, हे त्यांचं ठरलेलं उदाहरण. ही मांडणी पुष्कळांना ठाऊक आहे. मात्र संगणकाला हा धडा देण्यात ज्याचा मोठा वाटा, तो माणूस पुण्याचा होता हे मराठी वाचकाच्या फारसं कानावर नसतं.

अरविंद जोशी यांचा जन्म 1929 साली पुण्यात झाला. पुणे विद्यापीठातून 1950 मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि पेन्सिल्वेनिया विद्यापीठातून 1960 साली डॉक्टरेट मिळवून तिथंच आयुष्यभर शिकवत राहिले. विद्यार्थी असतानाच ते भाषाशास्त्रज्ञ झेलिग हॅरिस यांच्या प्रकल्पात होते. एका वाक्यापलीकडच्या भाषेचा अभ्यास करायचा, हा विचार 1952 साली नावानिशी मांडणारे ते हेच हॅरिस. त्या प्रकल्पात 1958-59 मध्ये यूनिव्हॅक-1 या खोलीभर संगणकावर इंग्रजी वाक्यांची फोड करणारा एक प्रोग्रॅम तयार झाला. या प्रकारच्या जगातल्या पहिल्या प्रोग्रॅमपैकी तो एक. पुढं 1990 च्या दशकात जोशींनी जुन्या कागदपत्रांवरून तो पुन्हा उभा करून चालवूनही दाखवला, आणि लेखाच्या शीर्षकात त्याला पुराणवस्तू म्हणून घेतलं.

जोशी, बार्बरा ग्रोझ आणि स्कॉट वाइनस्टाइन या तिघांनी 1983 पासून विकसित केलेला आणि 1995 साली सविस्तर मांडलेला सिद्धांत केंद्राचा आहे. सलग बोलण्यात प्रत्येक वाक्याला एक केंद्र असतं, ज्याच्याबद्दल आपण बोलतोय ते. चांगलं बोलणं हे केंद्र शक्यतो हलू देत नाही, आणि हलवलं तर तशी खूण देतं. सर्वनाम ही केंद्र जागेवरच असल्याची खूण. मराठी तर याच्याही पुढं जाते, सर्वनामही गाळते: "सदू मेहकरला गेला. सोयाबीन विकलं. बँकेत हप्ता भरला. अंधार पडायच्या आत घरी आला." सदूचं नाव एकदाच आलं, तरी हप्ता कोणी भरला याची शंका कोणाला येत नाही. उलट प्रत्येक वाक्यात 'सदूनं, सदूनं' केलं, तर ऐकणारा अडखळतो आणि हा दुसरा सदू की काय असं त्याला वाटतं. जे केंद्रात आहे त्याचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं की वाचनाचा वेग मंदावतो, असं ग्रोझ यांनी सहकाऱ्यांबरोबर 1993 साली प्रयोगानं दाखवलं. शाळेत निबंधात सर्वनामं वापरा म्हणून बाई सांगतात, त्यामागं एवढं शास्त्र आहे.

पण केंद्राचा नियम सगळीकडे पुरत नाही. ही दोन वाक्यं पाहा: "गणूनं सदूला बैल विकला. त्याला पैशाची नड होती." नड गणूला. आता दुसरंच वाक्य बदलू: "गणूनं सदूला बैल विकला. त्याला पेरणी उरकायची होती." पेरणी सदूची. 'त्याला' तोच, जागा तीच, व्याकरण तंतोतंत तेच. तरी बोट दुसऱ्या माणसाकडे वळलं. वळवलं ते व्यवहारज्ञानानं. पैसे विकणाऱ्याला मिळतात आणि बैल घेणाऱ्याच्या कामाला येतो, हे वाक्यात कुठंच लिहिलेलं नाही.

संगणकशास्त्रज्ञ टेरी विनोग्राड यांनी 1972 साली याच जातीचं एक इंग्रजी उदाहरण दिलं होतं. त्यावरून हेक्टर लेवेस्क यांनी 2011 च्या सुमारास यंत्राची परीक्षा बेतली. तिच्या रूढ संचात 273 प्रश्न होते. अंदाजपंचे उत्तरं दिली तरी निम्मी बरोबर यायचीच, आणि बरीच वर्षं यंत्रं त्याहून फार पुढं सरकली नाहीत. 2019 मध्ये मात्र ती शंभरात नव्वदच्या घरात गेली. परीक्षा घेणाऱ्यांना आनंदापेक्षा संशय अधिक आला, आणि तो रास्त होता: यंत्र समजून उत्तर देतंय की कोणते शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीनं येतात याची खूणगाठ बांधून? म्हणून त्याच साली सुमारे 44,000 प्रश्नांचा, असे शब्दांचे ठोकताळे गाळून घेतलेला नवा संच तयार झाला. पुढं यंत्रांनी त्यातही भराभर मजल मारली.

ही झेप ज्या रचनेमुळं शक्य झाली तिचं नाव ट्रान्सफॉर्मर. 2017 सालच्या त्या निबंधाच्या आठ लेखकांत पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या निकी परमार आहेत. रचनेचं मर्म असं की मजकुरातला एकेक शब्द वाचताना यंत्र आसपासच्या सगळ्या शब्दांकडे पाहतं आणि कोणाला किती वजन द्यायचं ते ठरवतं. 'त्याला' वाचताना गणू, सदू, बैल, नड या सगळ्यांचं वजन पाहिलं जातं. ही वजनं कोणी हातानं भरत नाही; अफाट मजकूर वाचून ती बसत जातात. मजकूर जितका जास्त तितकी पकड घट्ट, आणि इथं मराठीची बाजू इंग्रजीच्या मानानं लंगडी पडते. पुण्याच्या एल3क्यूब गटानं मराठीसाठी चांगली सामग्री उभी केली आहे. त्यांच्या एका संचात 25,000 वाक्यांतली माणसांची, गावांची, संस्थांची नावं हातानं खुणावलेली आहेत. पण तिथं काम एकेका सुट्या वाक्यावरचं. बापूंचं उत्तर समजायला वाक्यांची जोडी लागते.

अशा जोड्यांचं सर्वांत मोठं खातं पुन्हा जोशींच्याच गटानं मांडलं. सुमारे दहा लाख शब्दांचा इंग्रजी वृत्तपत्रीय मजकूर घेऊन त्यांनी त्यातल्या वाक्यावाक्यांमधले संबंध माणसांकडून नोंदवून घेतले. 2008 च्या आवृत्तीत एकूण 40,600 नोंदी आहेत. 18,459 ठिकाणी 'म्हणून', 'पण', 'कारण' यांसारखा जोडशब्द उघड लिहिलेला होता. 16,053 ठिकाणी तो नव्हता. तिथं नोंदणाऱ्यानं वाक्यं वाचून स्वतःच्या मनानं योग्य जोडशब्द घालून पाहायचा होता. जोडशब्द उघड असेल तर संबंध ओळखणं यंत्राला फारसं जड जात नाही. 2009 मध्येच ते शंभरात नव्वदहून जास्त वेळा बरोबर येत होतं. न लिहिलेला 'म्हणून' मात्र पुढची बरीच वर्षं यंत्राच्या हाती लागता लागत नव्हता, आणि ट्रान्सफॉर्मर आल्यावरही उघड आणि अव्यक्त यांतलं अंतर बुजलेलं नाही.

त्या नोंदींत एक बारकी संख्या आहे, आणि मला ती सगळ्यांत बोलकी वाटते. जोडशब्दाविना लागून आलेल्या वाक्यांच्या बावीस हजारांवर जोड्या माणसांनी वाचल्या. या दोहोंचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, असा शेरा पडला फक्त 254 जोड्यांवर.