लाभपंचमीनंतरचा रविवार

सन २०२२ ची लाभपंचमी शनिवारी, २९ ऑक्टोबरला आली. अंजनगाव सुर्जीतील एका जैन कुटुंबाच्या आडत दुकानात त्या दिवशी सकाळी नित्याप्रमाणे नव्या वह्यांचे पूजन झाले. पहिल्या पानावर कुंकवाचा स्वस्तिक उमटला, ‘लाभ सवाया’ लिहिले गेले आणि पहिला सौदा नोंदला गेला. घरात आजींनी ज्ञानपंचमीनिमित्त ग्रंथांना वंदन केले. दिवाळीनंतरचा हा काळ म्हणजे कापसाची आवक सुरू होण्याचा. या दिवसांत गादी सोडून गावाबाहेर जाणे घरच्या कर्त्या पुरुषाला कधी मानवलेले नव्हते. तरीही त्याच संध्याकाळी दुकान काकांवर सोपवून आजोबा, आजी, त्यांचा थोरला मुलगा, सून आणि नववीत शिकणारी नात असे पाच जण अकोटमार्गे अकोल्याला निघाले. रात्रीची मुंबईची गाडी धरायची होती. कारण विचारणाऱ्या शेजाऱ्यांना आजी सांगत होत्या, “पोरीला फुटबॉल पाहायचा आहे.”

सामना साधा नव्हता. सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाची अंतिम लढत रविवारी, ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर होती. ही स्पर्धा भारताला मिळाली होती ती २०२० सालासाठी. महामारीने ती रद्द झाली आणि २०२२ चे यजमानपद भारताकडे आले. तेही ऐन वेळी हातचे जाते की काय, अशी अवस्था झाली. ऑगस्टच्या मध्यावर जागतिक संघटनेने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले. महिना संपण्यापूर्वी ते निलंबन उठले आणि ११ ऑक्टोबरपासून भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबई येथे सोळा संघांची स्पर्धा रंगली. भारताच्या मुलींना यजमान म्हणून प्रवेश मिळाला होता. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असे तिन्ही सामने त्या हरल्या. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातून आलेली अष्टम उरांव या संघाची कर्णधार होती. अंजनगावच्या त्या नातीने तिन्ही सामने मोबाईलवर पाहिले होते, आणि आठव्या गोलनंतरही मोबाईल बंद केला नव्हता.

ती स्वतः शाळेच्या संघात मागच्या फळीत खेळते. त्या वर्षी तिच्या क्रीडाशिक्षकांनी घरी येऊन विचारले होते, की अमरावतीच्या निवड चाचणीसाठी तिला पाठवाल का? आजोबांनी ‘पाहू’ म्हटले होते. व्यापाऱ्याच्या तोंडचे ‘पाहू’ बहुधा नकाराच्या जवळचे असते. त्यांच्या शंका खोट्या नव्हत्या. सराव संध्याकाळी चालतो, मग सूर्यास्तापूर्वीचे जेवण कसे साधणार? पुढच्या वर्षी दहावी. बाहेरगावचा मुक्काम, कंदमूळविरहित भोजनाची सोय, सोबत कोण? वडिलांनी वाद घातला नाही. त्यांनी पाच तिकिटे काढली आणि म्हणाले, “नाही म्हणायच्या आधी एकदा पाहून तरी घेऊ.”

रविवारी पहाटे मंडळी ठाण्याला उतरली आणि वाशीला मुलीच्या आत्याकडे पोहोचली. अंतिम सामना रात्री आठचा. आजींचा चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न नाही आणि पाणीही नाही. आजोबांचा तिविहार, त्यांना पाण्याची मोकळीक. ऑक्टोबर अखेरीस मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून आत्याने दुपारीच थेपले, मेथीची सुकी भाजी आणि खाकऱ्यांचे डबे भरले, आणि साडेपाचला क्रीडांगणाजवळच्या एका झाडाखाली सतरंजी अंथरून सर्वांनी जेवण आटोपले. आजींनी शेवटचा पेला पाणी सावकाश प्याला, हात जोडले आणि पच्चक्खाण घेतले. आतून प्रेक्षकांचा गलबला ऐकू येत होता. तिसऱ्या क्रमांकासाठी नायजेरिया आणि जर्मनी खेळत होते. तीन गोलांनी मागे पडलेल्या जर्मनीने ३-३ अशी बरोबरी साधली आणि अखेर पेनल्टी फटक्यांत नायजेरियाने ३-२ अशी बाजी मारली. मंडळी आत जाऊन बसली तेव्हा नायजेरियाच्या मुली मैदानावर नाचत होत्या.

आजोबांनी आयुष्यात कुस्तीचे फड पाहिले होते, क्रिकेट रेडिओवर ऐकले होते. फुटबॉलचे मैदान प्रत्यक्ष प्रथमच पाहिले. दिव्यांच्या झोतातले ते हिरवे मैदान पाहून ते काही क्षण उभेच राहिले. नात त्यांना सांगू लागली. स्पेन हा २०१८ चा विजेता संघ. कोलंबिया प्रथमच अंतिम फेरीत आलेला. उपांत्य सामन्यात मडगावला त्याने नायजेरियाला पेनल्टी फटक्यांत ६-५ असे हरविले. ती पाहा, लिंडा कैसेदो. वय सतरा. पंधराव्या वर्षी तिला कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, ती बरी झाली आणि पुन्हा खेळू लागली. आजींनी हे ऐकले आणि त्यानंतर सामना संपेपर्यंत त्यांचा कल कोलंबियाकडे राहिला.

मुलींनी फुटबॉल खेळावा की नाही, हा प्रश्न काही अंजनगावच्या एका घराचा नाही. ज्या इंग्लंडमध्ये या खेळाचे नियम बांधले गेले, तेथेच १९२१ साली फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली आणि हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असा निर्वाळा दिला. ती बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. स्त्रियांचा पहिला अधिकृत विश्वचषक १९९१ मध्ये चीनमध्ये झाला. सतरा वर्षांखालील मुलींचा २००८ मध्ये न्यूझीलंडमध्ये. म्हणजे नेरुळच्या मैदानावर उतरलेल्या मुलींपेक्षा ही स्पर्धा धाकटीच होती.

पूर्वार्धात गोल झाला नाही. पंचेचाळीस मिनिटे आणि वर थोडा वाढीव वेळ. आजींनी घड्याळ पाहिले आणि सुनेला म्हणाल्या, “एक सामायिक झाले असते.” सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे, त्यांचा हिशेब जवळजवळ बरोबर होता. दमट हवेत त्यांचा घसा कोरडा पडला होता, पण त्यांनी पाण्याकडे पाहिलेही नाही. नात मात्र मध्यंतरात त्यांच्याकडे पाहत राहिली. चार तास पाण्याविना बसणारी आजी आणि मैदानावर धावणाऱ्या मुली, यांत काहीतरी सारखे आहे, असे तिने नंतर आईला सांगितले. काय सारखे आहे, हे तिला नीट सांगता आले नाही.

उत्तरार्धही तसाच सरत चालला. ब्याऐंशीव्या मिनिटाला स्पेनची चढाई आली. गोलसमोर आलेला चेंडू कोलंबियाच्या एका बचावपटूला लागून तिच्याच संघाच्या जाळ्यात गेला. स्पेन १, कोलंबिया ०. क्रीडांगणात एकच आरोळी उठली. नात खाली बसली. आजोबांना प्रथम काही कळले नाही.

“गोल कोणी केला?”

“त्यांच्याच मुलीकडून झाला, दादाजी. स्वयंगोल.”

“चुकून?”

“चुकूनच. चेंडू अडवायलाच गेली होती ती.”

उरलेल्या वेळात कोलंबियाने धडपड केली, पण बरोबरी साधता आली नाही. स्पेनने सलग दुसऱ्यांदा विश्वचषक उचलला. त्यांची सोळा वर्षांची विकी लोपेझ स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली. सोनेरी कागदांचे तुकडे हवेत उडाले. आजींना त्या सोहळ्यात रस नव्हता. त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाहत होत्या. “त्या पोरीचे आता काय होणार?” त्यांनी विचारले. उत्तर कोणापाशीच नव्हते.

परतीच्या गाडीत सोमवारी रात्री नात बराच वेळ खिडकीशी गप्प होती. मग म्हणाली, “माझ्याकडून असे झाले तर? अमरावतीला नाही गेले तरी चालेल मला.” ज्या संमतीसाठी हा प्रवास घडला होता, ती मिळण्याआधीच मुलगी माघार घेऊ लागली होती. वडील काही बोलणार, तोच आजोबा बोलले.

“आपल्या आडतीत एका वर्षी सरकीच्या व्यवहारात मुनीमजींची चूक झाली होती. तोटा मोठा होता. मी तो पेढीच्या नावे लिहिला, त्यांच्या नावे नाही. माल भरला तेव्हा पेढी सगळ्यांची होती, मग तोटा एकट्याचा कसा?”

“पण इथे तसे नसते, दादाजी. इथे खेळाडूच्याच नावे लिहितात. कायमचे.”

आजोबा थोडा वेळ थांबले. व्यापारात खोटे उदाहरण टिकत नाही, हे त्यांना ठाऊक होते. “लिहितात तर लिहू देत,” ते म्हणाले. “नावे पडले म्हणून खाते बंद होत नसते. खाते चालू असेल तरच पुढे जमा होते. तू खाते बंद करायचे म्हणतेस, ते मला पटत नाही.”

बोलता बोलता आपण कोणत्या बाजूने बोलत आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले असावे. आजी पदराआड हसल्या. अकोला येईपर्यंत बाकीचा व्यवहार ठरला. सराव शाळा भरण्यापूर्वी, सकाळी. सायंकाळचा सामना असेल तर डबा साडेपाचच्या आत. बाहेरगावी आई किंवा आत्या सोबत. दहावीच्या वर्षी गुण घसरले तर पुन्हा विचार. क्रीडाशिक्षकांनी या अटी ऐकल्या आणि सकाळच्या सरावाला तेच आधी तयार झाले. त्या चाचणीत मुलीची निवड झाली नाही. पण खाते चालू राहिले.

पुढच्या वर्षी, २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे स्त्रियांचा मुख्य विश्वचषक झाला. मंगळवारी, ८ ऑगस्टला मेलबर्नमध्ये कोलंबिया आणि जमैका यांचा बाद फेरीचा सामना होता. भारतात तेव्हा दुपार होती. नात शाळेत होती. चातुर्मासातली सुस्त दुपार. बाजारात आवक नव्हती. आजोबांनी गादीवर बसून मोबाईलवर सामना लावला. कोलंबियाच्या मागच्या फळीत त्यांना एक नाव दिसले. आना मारिया गुझमान, वय अठरा. नेरुळच्या फलकावर ब्याऐंशीव्या मिनिटापुढे लागलेले तेच नाव.

उत्तरार्धाच्या आरंभी तिने डावीकडून मैदानाच्या पार दुसऱ्या अंगाला एक लांब पल्ल्याचा चेंडू टाकला. तो नेमका कातालिना उस्मेच्या पायाशी आला आणि उस्मेने तो जाळ्यात धाडला. सामना १-० असाच संपला. त्या एका गोलवर कोलंबिया इतिहासात प्रथमच स्त्रियांच्या विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचली. नेरुळच्या त्या रात्रीला तेव्हा दहा महिनेही पुरे झाले नव्हते.

संध्याकाळी नात शाळेतून आली तेव्हा आजी-आजोबांचे जेवण चालले होते. सूर्य मावळायला अवकाश होता. आजोबांनी तिला ताटावर बसायला सांगितले, दुपारची हकीकत पहिल्यापासून सांगितली आणि शेवटी म्हणाले, “तिच्या नावे होते ना, ते आज जमा झाले.”

आजींनी इतकेच विचारले, “म्हणजे पोरगी बरी आहे ना?” आणि नातीच्या ताटात आणखी एक फुलका वाढला, सकाळी सहाला तिला मैदानावर जायचे होते.