औष्णिक घटमालेतील कॅथोडाचे रूपांतर

औष्णिक घटमालेतून विद्युत् प्रवाह घेतला जात असताना तिच्या कॅथोडाचे (ज्या अग्रावर क्षपण होते त्याचे) द्रव्य क्रमाक्रमाने निरनिराळ्या संयुगांत बदलते. घटमालेचा विद्युत् दाब व आयुर्मान या रूपांतरावर अवलंबून असतात.

या घटमालेचा विकास दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत झाला. साठवणीत तिच्यातील लवण घनरूप असल्याने ती निष्क्रिय राहते. लोहचूर्ण व पोटॅशियम परक्लोरेट यांच्या वड्या पेटविल्या की, लवण वितळून ती कार्यान्वित होते. लिथियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड यांचे नेहमी वापरले जाणारे मिश्रण सु. ३५०° से.ला वितळते. ती एकदाच वापरता येते. म्हणून क्षेपणास्त्रात बसवावयाची घटमाला आधी चालवून पाहणे शक्य नसते. यामुळे तिच्या अंतर्गत विक्रियांचे ज्ञान विशेष महत्त्वाचे ठरते.

लोह डायसल्फाइडाचा (पायराइटाचा) कॅथोड सर्वपरिचित आहे. त्याच्या प्रत्येक रेणुसूत्रामागे दीड लिथियम अणू घेतले गेले की, लिथियम, लोह व गंधक यांचे एक मध्यस्थ संयुग बनते. पुढे अशीच आणखी संयुगे बनून चार अणूंअखेर लोह व लिथियम सल्फाइड उरतात. एका प्रावस्थेचे (भौतिक दृष्ट्या एकजिनसी भागाचे) दुसरीत रूपांतर चालू असेतो दाब जवळजवळ स्थिर राहतो. पहिली संपताच तो खालच्या पायरीवर उतरतो. सु. ५५०° से.च्या वर पायराइटाचे अपघटन होऊन गंधकाची वाफ सुटते. ती लिथियमयुक्त ॲनोडापर्यंत पोहोचल्यास उष्णता वाढून घट निकामी होतो.

पूर्वी घट मध्येच थांबवून थंड करीत आणि कॅथोडाचे क्ष-किरण विवर्तनाने परीक्षण करीत. मात्र काही प्रावस्थांचे संघटन तापमानानुसार बदलत असल्याने थंड नमुन्यात आढळलेले संयुग तप्त घटातही होतेच, असे म्हणता येत नाही. यावर उपाय म्हणून भट्टीत चालू असलेल्या घटावरच न्यूट्रॉन विवर्तनाचे प्रयोग करण्यात आले. न्यूट्रॉन धातूच्या आवरणातून पार जातात आणि लिथियमासारख्या हलक्या मूलद्रव्याचे स्थानही दर्शवितात. सर्वसाधारण लिथियमातील ६ अणुभारांकाचा समस्थानिक न्यूट्रॉन शोषून घेतो, म्हणून ७ अणुभारांकाचा समस्थानिक वापरणे इष्ट असते. निकेल डायसल्फाइडाचे प्रथम निकेल मोनोसल्फाइडात, नंतर अल्पगंधकी सल्फाइडात व अखेर निकेल धातूत रूपांतर होते, हा क्रम अशा अभ्यासातून स्पष्ट झाला आहे. त्यावरून उपयुक्त दाब किती काळ टिकेल, याचा अंदाज बांधता येतो.