आश्रम शेवटीं, घर आधीं

निराश्रित मुलाचा कैवार घेणें म्हणजे त्यास अनाथाश्रमांत पोंचतें करणें, ही समजूत आमच्या समाजांत इतकी रूढ झाली आहे कीं, तिचा विचार करण्याचीही कोणास गरज वाटत नाहीं. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. पुढें १८७५ सालीं प्रार्थना समाजाच्या मंडळींनीं पंढरपुरास बालकाश्रम स्थापिला. विधवेच्या अर्भकास जन्मतांच मृत्यूची वाट दाखविली जात असे, त्या काळीं आश्रम हाच त्याचा एकमेव आधार होता. त्या थोर कार्याविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु आज आश्रमाच्या दारीं उभें असलेलें मूल पुष्कळदां पोरकें नसतें. त्याची आई जिवंत असते. घरांत नसतो तो शिधा.

कायद्यानें हा भेद ओळखला आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ यांत मुलाचें हित सर्वोपरि मानिलें असून, त्यास संस्थेंत ठेवणें हा अखेरचा उपाय म्हणून सांगितला आहे. जिल्ह्याच्या बालकल्याण समितींत अध्यक्ष व चार सभासद असावे, त्यांत निदान एक स्त्री असावी, आणि सांपडलेलें मूल प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आंत समितीपुढें यावें, असा नियम आहे. मुलास घरींच वाढवितां यावें म्हणून मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या सूचनांत पात्र मुलामागें दरमहा ४,००० रुपयांचें साहाय्यही ठरविलें आहे.

मग उणें तें काय? उणें आहे तें क्रमाचें भान. आश्रमाचें दार एका हुकुमानें उघडतें. विधवा मजूर बाईस मात्र साहाय्यासाठीं दाखल्यांमागून दाखले गोळा करावे लागतात. जो उपाय सोपा, तोच आधीं योजिला जातो, आणि कायद्यांतील अखेरचा उपाय व्यवहारांत पहिला ठरतो.

कोणी म्हणेल, आईबापांच्या हातीं पैसा दिला तर तो दारूंत जाईल. ही भीति सर्वस्वी खोटी नाहीं. पण तिला उत्तर देखरेख हें आहे, ताटातूट नव्हे. जेथें मुलास मारहाण वा अत्याचार होतो, तेथून त्यास तत्काळ हालविलेंच पाहिजे. परंतु दारिद्र्य हा आईचा अपराध नव्हे, आणि त्याची शिक्षा मुलानें कां भोगावी?

आमचें मागणें स्पष्ट आहे. समितीची एकही जागा रिकामी राहूं नये. मुलास संस्थेंत धाडण्यापूर्वीं आई, आजी, मामा, काका यांजकडे तें कां राहूं शकत नाहीं, याचीं कारणें हुकुमांत लेखी नमूद व्हावीं. आणि साहाय्याचा अर्ज घेऊन सरकारी सेवकानेंच त्या घरीं जावें. आश्रमाची इमारत बांधणाऱ्या दात्याचें नांव शिळेवर कोरलें जातें. मोडूं पाहणारें घर सांवरणाऱ्याचें कोठेंच लिहिलें जात नाहीं. तथापि राष्ट्राच्या बाळांचें खरें कल्याण त्या दुसऱ्याच कामांत आहे, हें लोकांनीं व सरकारनें ध्यानांत घ्यावें.